ज्यांचे ऋण, त्यांचे नाव

२९ जुलै २०२२ रोजी बियॉन्सेचा ‘रेनेसान्स’ हा सातवा एकल अल्बम आला, तेव्हा त्यातल्या १६ गाण्यांच्या बरोबरीने माझे लक्ष वेधून घेतले ते तिने सोबत लिहिलेल्या ऋणनिर्देशाने. आपल्या तीन मुलांचे आणि पतीचे आभार मानून झाल्यावर तिने दिवंगत ‘अंकल जॉनी’ यांचे नाव घेतले होते आणि ज्या संगीतातून व ज्या संस्कृतीतून हा अल्बम उभा राहिला, त्यांची पहिली ओळख आपल्याला त्यांनीच करून दिली, असे कृतज्ञतेने नोंदवले होते. त्यापुढे तिने आभार मानले होते ते ही संस्कृती निर्माण करणाऱ्या सर्व पूर्वसुरींचे, आणि ज्यांच्या कामाची दखल फार मोठा काळ कोणी घेतलीच नाही अशा, आज हयात नसलेल्या सगळ्यांचे. लोकप्रियतेच्या शिखरावरच्या गायिकेने आभाराची चार वाक्ये लिहावीत, यात वरवर पाहता नवल काही नाही. परंतु हा ऋणनिर्देश कागदावर थांबत नाही. तो गाण्यांच्या ठेक्यात, त्यांतल्या उसन्या आवाजांत आणि लांबलचक श्रेयनामावलीत उतरतो, आणि म्हणूनच गेल्या काही वर्षांतल्या लोकप्रिय संगीतात इतके मनापासून फेडलेले दुसरे ऋण मला आठवत नाही.

जॉनी हे नात्याने बियॉन्सेच्या आईचे, टीना नोल्स यांचे भाचे. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी दोघे एकत्र वाढले, आणि पुढे टीना यांच्या मुलींनी त्यांना अंकल म्हटले. शिवणकामात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. ‘हीटेड’ या गाण्याच्या अखेरीस त्यांनी शिवलेल्या पोशाखाचा उल्लेख येतो, तेव्हा एका घरातली आठवण अशी एकदम लाखो लोकांच्या ओठांवर गेल्याचे पाहून मन भरून येते. जॉनी समलिंगी होते आणि एचआयव्हीच्या आजाराने गेले. २०१९ साली एका पुरस्कार समारंभात बियॉन्सेने त्यांच्याविषयी जाहीरपणे सांगितले, की त्यांनी तिला आणि तिच्या बहिणीला वाढवण्यात हातभार लावला आणि ज्या काळात ते सोपे नव्हते त्या काळात ते स्वतःशी प्रामाणिक राहून जगले; त्यांची त्या आजाराशी चाललेली झुंज पाहणे हा तिच्या आयुष्यातल्या सर्वांत वेदनादायक अनुभवांपैकी एक होता.

माझे बालपण मिरजेत गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ ज्या मैफली होतात, त्या ऐकत आम्ही मोठे झालो. बंदिश सुरू करण्यापूर्वी ती कोणाकडून मिळाली हे गायक सांगतो आणि गुरूचे नाव उच्चारताना त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. गाणे कितीही रंगो, गाणारा कितीही थोर असो, ते नाव घेतल्याशिवाय पुढे जायचे नसते. जुन्या गाण्याचा तुकडा उचलून तो नव्या गाण्यात बसवण्याची जी पद्धत आहे, जिला सॅम्पल म्हणतात, ती ‘रेनेसान्स’मध्ये ऐकताना मला वारंवार तो कानाच्या पाळीला लागलेला हात दिसतो. सॅम्पल चोरीचे असू शकते, केवळ सोयीचेही असू शकते. येथे ते बहुतेक ठिकाणी नाव घेण्यासाठी आलेले आहे.

आता मी शिकागोत राहते, आणि या अल्बमचा कणा असलेले हाउस संगीत याच शहरात जन्मले. १९७७ साली साउथ जेफरसन स्ट्रीटवर, २०६ क्रमांकाच्या एका तीन मजली जुन्या इमारतीत ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला आणि तेथे रेकॉर्ड वाजवण्यासाठी न्यूयॉर्कहून २२ वर्षांचा फ्रँकी नकल्स आला. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण होते. माझ्या कार्यालयात साउथ साइडला वाढलेले एक ज्येष्ठ सहकारी होते. तरुणपणी ते तेथे जात असत, हे मला त्यांच्याशी ओळख होऊन बराच काळ लोटल्यावर कळले, कारण त्या रात्रींविषयी कार्यालयात बोलण्याची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. त्यांनी मला जे सांगितले त्यात मद्याचा उल्लेख नव्हता, कारण तेथे फळांचा रस आणि पाणी मिळे. होता तो उकाडा, अंधार, जमिनीतून तळपायात शिरणारा ठेका, आणि शनिवारी रात्री आत गेलेला माणूस रविवारी दुपारच्या उन्हात बाहेर पडतानाचे डोळे दिपणे. घरी, चर्चमध्ये, कामावर सतत सावधपणे वावरावे लागणाऱ्या मुलाला कोणी आपल्याकडे पाहते आहे की नाही याची फिकीर न करता काही तास वावरता येणे म्हणजे काय, हे सांगताना त्यांचा स्वर बदलत असे. नकल्सने स्वतः वेअरहाउसला देवाच्या कृपेतून उतरलेल्यांचे चर्च म्हटले होते, आणि माझ्या सहकाऱ्यांच्या तोंडून तो काळ ऐकताना ती उपमा मला अक्षरशः खरी वाटली.

या संगीताचा जन्म समजून घ्यायचा तर १२ जुलै १९७९ची संध्याकाळ टाळता येत नाही. शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांचे लागोपाठ दोन सामने होते, आणि जो कोणी डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन येईल त्याला ९८ सेंटांत प्रवेश मिळणार होता. दोन सामन्यांच्या मध्ये रेडिओ निवेदक स्टीव्ह डाल याने त्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटकांनी उडवून दिला. हजारो लोक मैदानात घुसले, हिरवळीची नासधूस झाली आणि दुसरा सामना व्हाइट सॉक्सना सोडून द्यावा लागला. त्या दिवशी विन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा तेथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत होता. लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींत डिस्कोशी संबंध नसलेल्या, परंतु कृष्णवर्णीय कलावंतांच्या रेकॉर्डी कितीतरी होत्या, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही, आणि ही गोष्ट त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. रागाचा रोख कशावर होता, हे समजायला त्याहून वेगळा पुरावा लागत नाही. याच लॉरेन्सने जेसी सॉन्डर्सच्या साथीने १९८४ साली ‘ऑन अँड ऑन’ ही रेकॉर्ड काढली, आणि तिला हाउस संगीताची पहिली रेकॉर्ड मानले जाते.

मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली, वाद्यवृंदांचा खर्च उचलायला कोणी उरले नाही, आणि नाचणाऱ्यांना तर नवी गाणी हवीच होती. तेव्हा नकल्स जुन्या गाण्यांचे तुकडे टेपवर कापून-जोडून लांबवू लागला, आणि पोरे स्वस्तात मिळणारी तालयंत्रे आणून घरातच ठेके बांधू लागली. मिनिटाला साधारण १२० आघात, चारही मात्रांवर सारख्याच वजनाचा ठोका, त्यावर चर्चच्या गायनातून आलेला पियानो आणि भरघोस आवाजाची एखादी गायिका, इतकाच तो ऐवज. आज आपल्याकडच्या वरातीत डीजे जे वाजवतो, त्याच्या तळाशीही बहुधा हाच ठोका असतो, आणि नाचणाऱ्यांपैकी कोणाला त्याचे मूळ गाव ठाऊक नसते.

या यंत्रांची एक हकिकत मुंबईत घडलेली आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची टीबी-३०३ हे खर्जाचे स्वर काढणारे आणि टीआर-८०८ हे ताल देणारे अशी यंत्रे हाताशी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची रेकॉर्ड निघाली. ती फारशी खपली नाही. पुढे पाच वर्षांनी शिकागोच्या फ्यूचर या त्रयीने त्याच टीबी-३०३मधून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढले आणि हाउसची एक नवी शाखा निघाली. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. २०१० साली ती रेकॉर्ड पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर सिंग यांना उतारवयात परदेशी रसिकांसमोर वाजवण्याची संधी मिळाली, आणि २०१५ साली ते गेले. शिकागोच्या घरांत आणि मुंबईच्या स्टुडिओत एकाच यंत्राने एकाच दशकात असे काम करावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

परंतु यंत्रे कोठेही विकत मिळतात. आवाज मिळत नाहीत. नृत्यसंगीताच्या इतिहासातली सर्वांत मोठी अप्रतिष्ठा आवाजांच्या बाबतीत झाली. शिकागोची लोलिआटा हॉलोवे हिने १९८० साली गायलेल्या ‘लव्ह सेन्सेशन’मधला तिचा आवाज १९८९ साली ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाने ‘राइड ऑन टाइम’साठी उचलला, गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि चित्रफितीत ओठ हलवत होती ती एक मॉडेल. मार्था वॉश हिच्या बाबतीत तर हे पुन्हा पुन्हा घडले. सॅन फ्रान्सिस्कोचा समलिंगी गायक सिल्व्हेस्टर याच्या मागे उभे राहून गाणारी ही गायिका १९९०च्या सुमारास एकाच वेळी अनेक गाजत्या गाण्यांत ऐकू येत होती आणि पडद्यावर मात्र तिच्या जागी बारीक अंगाच्या दुसऱ्या स्त्रिया दिसत होत्या. ती न्यायालयात गेली, आणि तिच्या त्या लढ्यामुळे गाणाऱ्याचे नाव देणे अमेरिकेतल्या कंपन्यांना भाग पडले. मराठी वाचकाला याची कल्पना लगेच येईल, कारण १९४९ साली ‘महल’मधल्या गाण्याच्या रेकॉर्डीवर लता मंगेशकर यांच्या जागी पडद्यावरच्या पात्राचे, कामिनीचे नाव छापले होते.

हा सगळा इतिहास कानांत ठेवून ‘रेनेसान्स’ ऐकला, की त्यातल्या निवडी उलगडू लागतात. पहिले प्रसिद्ध झालेले गाणे ‘ब्रेक माय सोल’ रॉबिन एस या गायिकेच्या ‘शो मी लव्ह’च्या पायावर उभे आहे, आणि त्यात न्यू ऑर्लिन्सच्या बाउन्स या नाचऱ्या रॅप संगीतातली क्विअर (समलिंगी, पारलिंगी अशा सर्वांना सामावणारा हा शब्द) कलावंत बिग फ्रीडिया हिचा खणखणीत आवाज मूळ रूपात, तिच्या नावासह आहे. आपल्या हयातीत ही दाद मिळाली, याबद्दल रॉबिन एसने जाहीरपणे आनंद व्यक्त केला. ‘कोझी’मध्ये टी. एस. मॅडिसन ही पारलिंगी स्त्री स्वतःच्या कृष्णवर्णाविषयी बोलते, आणि या गाण्याच्या निर्मितीत शिकागोचीच हनी डिजॉन ही पारलिंगी डीजे आहे. ‘कफ इट’मध्ये डिस्कोच्या सुवर्णकाळातला गिटारवादक नाइल रॉजर्स प्रत्यक्ष वाजवतो. ‘मूव्ह’मध्ये ज्येष्ठ गायिका ग्रेस जोन्स आहे. ‘एलियन सुपरस्टार’च्या शेवटी हार्लेममध्ये नॅशनल ब्लॅक थिएटर उभारणाऱ्या बार्बरा अ‍ॅन टीअर यांच्या भाषणाचा अंश येतो, आणि नाचाची धुंदी चढलेली असतानाच एक वडीलधारी स्त्री आपल्या माणसांच्या वेगळेपणाविषयी बोलू लागते.

‘चर्च गर्ल’ हे गाणे मला विशेष जवळचे वाटते. त्याची सुरुवात डेट्रॉइटच्या क्लार्क सिस्टर्स या भजनी बहिणींच्या आवाजाने होते, आणि काही क्षणांत त्याच आवाजांखाली न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरचा बाउन्सचा ठेका सुरू होतो. यावर काही धर्मनिष्ठ मंडळी नाराज झाली. परंतु कृष्णवर्णीय चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, गायकवृंद तयार करणारी कितीतरी समलिंगी मुले होती, त्यांना प्रवचनातून पापी ठरवले गेले, आणि तीच मुले रविवारची ती आर्तता शनिवारच्या नाचात घेऊन गेली. माझ्या त्या सहकाऱ्यांचेही असेच झाले होते. लहानपणी ते गायकवृंदात होते. या गाण्यात दोन्ही आवाज एकत्र ऐकल्यावर ते बराच वेळ मान डोलवत राहिले आणि मग क्लार्क भगिनींपैकी कोण कोणती पट्टी सांभाळते, हे मला समजावून सांगू लागले.

या अल्बमचा कळस मात्र पंधराव्या गाण्यात, ‘प्युअर/हनी’त आहे. ते समजण्यासाठी न्यूयॉर्कच्या बॉलरूम परंपरेकडे जावे लागते. स्त्रीवेशातल्या पुरुषांच्या सौंदर्यस्पर्धा तेथे फार पूर्वीपासून होत, परंतु निवाडा गोऱ्या रंगाच्या बाजूने झुके. १९६७ सालच्या अशाच एका स्पर्धेत क्रिस्टल लाबेजा हिने हा पक्षपात सर्वांसमोर बोलून दाखवला आणि ती निघून गेली. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी तिच्या नावाने हार्लेममध्ये पहिले ‘हाउस’, म्हणजे घराणे, स्थापन झाले. घरातून हाकललेल्या मुलांची ही घराणी. प्रत्येकाला एक आई असते, अनेकदा वडीलही असतात, मुले त्यांचे नाव लावतात, त्यांच्याकडे राहतात, आजारपणात त्यांचाच आधार असतो. बॉलच्या, म्हणजे स्पर्धेच्या, रात्री ही घराणी वेगवेगळ्या प्रकारांत एकमेकांसमोर उतरतात, पंच गुण देतात, निवेदक लयीत बोलत राहतो, आणि दर चौथ्या मात्रेवर झांजेसारखा जो आवाज फुटतो त्या समेवर नाचणारा पाठीवर अंग झोकून देतो. या नाचाला व्होगिंग म्हणतात. १९९० साली मॅडोनाच्या गाण्याने तो जगभर पोचला, परंतु ज्या खोल्यांत तो घडला तेथल्या माणसांचे दारिद्र्य आणि आजारपण त्यामुळे हटले नाही, आणि त्या पिढीतली कितीतरी माणसे एड्सने नेली.

‘प्युअर/हनी’च्या पहिल्या भागात जवळजवळ काहीच नसते: कोरडा ठोका, खर्जातला एक पुनरावर्ती स्वर, आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत गाजलेल्या केव्हिन अव्हियन्स या ड्रॅग, म्हणजे भडक वेशांतर करून रंगमंचावर उतरणाऱ्या, कलावंताचा आवाज, एकच शब्द पुन्हा पुन्हा फेकणारा. त्याला जोडून केव्हिन जेझी प्रॉडिजी या बॉलरूम निवेदकाचा आवाज आणि माइकक्यू या निर्मात्याचे काम येते. बियॉन्सेला वाटले असते तर हे सगळे मऊ करता आले असते. तिने ते जसे त्या खोल्यांत वाजते तसेच राकट, उद्धट आणि कोरीव ठेवले आहे, आणि आपला स्वर त्यात बेताने मिसळला आहे. मग गाण्याच्या मध्यावर जमीन सरकावी तसा ठेका सैल होतो, सत्तरच्या दशकातली मखमली लय सुरू होते, आणि मॉय रेने या ड्रॅग कलावंताची ‘मिस हनी’ ही हाक ऐकू येते. मॉय रेने हा अल्बम येण्याच्या कितीतरी आधी हे जग सोडून गेली होती. तिची ती हाक वितळत वितळत पुढच्या, म्हणजे शेवटच्या गाण्यात शिरते, आणि तेथे १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलोट यांनी गायिका डॉना समरसाठी रचलेल्या ‘आय फील लव्ह’चा ध्वनी उगवतो. गाण्यांच्या मधला हा सांधा ऐकण्यासाठी मी कितीतरी वेळा ती मिनिटे मागे नेली आहेत. एका गाण्याची सम दुसऱ्याच्या सुरुवातीवर नेमकी टेकवून नाचणाऱ्याचे पाऊल चुकू न देणे, ही डीजेची कला आहे, आणि या अल्बमभर ती पाळलेली आहे. म्हणून तो तुकड्यातुकड्याने ऐकणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

इतके सगळे मानूनही या ऋणफेडीच्या मर्यादा मला दिसतात, आणि त्या बोलून दाखवल्या पाहिजेत. ‘एनर्जी’ या गाण्यात गायिका केलिसच्या एका जुन्या गाण्याचा अंश होता. त्या गाण्याचे कायदेशीर हक्क गीतकार-निर्मात्यांकडे असल्याने त्यांची परवानगी पुरेशी होती. केलिसला कोणी विचारले नाही आणि तिला ते इतरांबरोबरच कळले. तिने संताप व्यक्त केल्यावर तो अंश काढून टाकला गेला. मला येथे केलिसची बाजू पटते. ज्या अल्बमचा सारा भर दुर्लक्षितांना श्रेय देण्यावर आहे, त्यात एका हयात कृष्णवर्णीय गायिकेला आधी एक निरोप जायला हवा होता. कायद्याने जे लागत नाही तेच नेमके अगत्याने करायचे असते.

दुबईचा प्रसंगही मनाला लागला. जानेवारी २०२३मध्ये एका आलिशान हॉटेलच्या उद्घाटनासाठी बियॉन्से तेथे गायली, आणि तेथे समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. तिने त्या कार्यक्रमात ‘रेनेसान्स’मधले एकही गाणे गायले नाही. कोणी याला संयम म्हणेल. मला मात्र ही गाणी जेथे गाता येत नाहीत तेथे जाणेच या अल्बमशी विसंगत वाटले. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, ५ फेब्रुवारीला, तिने ग्रॅमी समारंभात सर्वोत्कृष्ट नृत्य-इलेक्ट्रॉनिक अल्बमचा पुरस्कार स्वीकारताना अंकल जॉनी यांचे नाव घेतले आणि हा संगीतप्रकार निर्माण केल्याबद्दल क्विअर समाजाचे आभार मानले. त्या रात्री तिचे ३२ ग्रॅमी पूर्ण झाले आणि वाद्यवृंदसंचालक जॉर्ज शोल्टी यांचा विक्रम मागे पडला. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मात्र दुसऱ्यालाच मिळाला. बियॉन्सेला तो पुढे २०२५ साली मिळाला, कंट्री संगीतावर आधारलेल्या अल्बमसाठी.

श्रेयाइतकाच पैशाचाही प्रश्न आहे, आणि तो शिकागोतच धसास लागत होता. हाउसच्या सुरुवातीच्या काळात ट्रॅक्स रेकॉर्ड्स या स्थानिक कंपनीने ज्या रेकॉर्डी काढल्या, त्यांचे मानधन आपल्याला मिळाले नाही, असा दावा निर्माता लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० साली दाखल केला. ‘कॅन यू फील इट’सारखी हर्डची रचना जगभरच्या क्लबांत चार दशके वाजत आलेली आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये, ‘रेनेसान्स’ सर्वत्र वाजत असतानाच, हा वाद तडजोडीने मिटला आणि दोघांना आपल्या रचनांचे हक्क परत मिळाले. ही बातमी मी माझ्या त्या सहकाऱ्यांना कळवली, तेव्हा त्यांनी अल्बमपेक्षा या बातमीचा आनंद अधिक मानला. पुढच्या वर्षी, जून २०२३मध्ये, २०६ साउथ जेफरसन स्ट्रीटच्या इमारतीला शिकागो शहराने ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. नकल्स त्यापूर्वी नऊ वर्षे, २०१४ साली निवर्तला होता.

२२ जुलै २०२३, शनिवार. मुलीबरोबर मी सोल्जर फील्डवर बियॉन्सेच्या कार्यक्रमाला गेले. मिरजेच्या दर्ग्यातल्या मैफलीत गायकाच्या श्वासाचाही आवाज येई. येथे हजारो माणसांचा गलका होता, आणि तरीही ‘एनर्जी’तल्या एका ठरावीक ओळीवर तिने आणि वादकांनी एकदम थांबायचे, प्रेक्षकांनीही त्या क्षणी शब्द काढायचा नाही, हा खेळ सुरू झाला, तेव्हा आमच्या आसपासच्या अनोळखी लोकांनी एकमेकांकडे पाहत ओठ घट्ट मिटून घेतले. पुढच्या रांगेत साठी उलटलेले दोन कृष्णवर्णीय गृहस्थ चंदेरी जाकिटे घालून हातात हात धरून उभे होते. शेवटाकडे बॉलरूमचा भाग आला. प्रॉडिजीच्या आवाजात एकेका नर्तकाला पुकारा झाला, प्रेक्षकांतून शेकडो पंखे फटाफट उघडले, आणि नर्तक समेवर कोसळू लागले, तेव्हा त्या दोघांपैकी एकाने दोन्ही तळहात वर करून दहापैकी दहा गुण दिले. १९७९ साली जेथे रेकॉर्डींचा ढीग उडवला गेला, ते कॉमिस्की पार्क याच शहरात, येथून काही मैलांवर होते. हे शहर असे एवढ्या मोठ्या मैदानात त्याच संगीतावर नाचताना मी पाहिले याचा मला फार आनंद आहे.

त्यानंतरच्या शनिवारी, २९ जुलैला, अल्बमला बरोबर एक वर्ष झाले. त्या रात्री ब्रुकलिनमधल्या एका पेट्रोलपंपावर ओशे सिब्ली हा २८ वर्षांचा कृष्णवर्णीय समलिंगी नर्तक आपल्या मित्रांबरोबर गाडीत पेट्रोल भरायला थांबला होता. उकाड्याचे दिवस होते; गाडीत ‘रेनेसान्स’ लावलेला होता आणि ती मुले पंपाशेजारी व्होगिंग करीत होती. काही तरुणांनी त्यांना हटकले, शिवीगाळ झाली, आणि ओशेला भोसकण्यात आले. द्वेषातून केलेला खून म्हणून १७ वर्षांच्या एका मुलावर आरोप ठेवण्यात आला. २००६ साली केव्हिन अव्हियन्सलाही न्यूयॉर्कच्या रस्त्यावर असेच मारहाणीला तोंड द्यावे लागले होते. त्याचा जबडा मोडला, आणि त्याच महिन्यात तो तारांनी बांधलेल्या जबड्यानिशी क्विअर समाजाच्या ‘प्राइड’ मिरवणुकीत सामील झाला. तो वाचला, म्हणून ‘प्युअर/हनी’तली आपली दाद त्याला स्वतःच्या कानांनी ऐकता आली. ओशेच्या वाट्याला ते आले नाही.

बियॉन्सेने आपल्या संकेतस्थळावर ओशेचे नाव झळकवून त्याला आदरांजली वाहिली. पुढच्या आठवड्यात शेकडो लोक त्या पेट्रोलपंपावर जमले. बॉलरूमच्या घराण्यांतली मंडळी आली, ओशेबरोबर नाचलेले नर्तक आले, आणि त्याच जागेवर बियॉन्सेची गाणी मोठ्या आवाजात लावून त्यांनी व्होगिंग केले.